नळ्या बंद होण्याआधी

लग्नाला पाच-सहा वर्षं होतात, पाळणा हलत नाही, म्हणून जोडपं तपासण्यांना जातं. रक्ताचे अहवाल ठीक येतात. सोनोग्राफीत बीज तयार होताना दिसतं. नवऱ्याची वीर्यतपासणीही बरी निघते. मग 'नळ्यांचा एक्स-रे' होतो आणि अहवालात लिहून येतं: दोन्ही गर्भनलिका बंद. तिथून पुढची सगळी चर्चा पुढच्याच गोष्टींची असते. टेस्ट ट्यूब बेबी करायचं का, कुठे करायचं, खर्च किती येईल, पैसे कुठून आणायचे. मागचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. या नळ्या कधी बंद झाल्या? कशामुळे झाल्या? आणि तेव्हा ते थांबवता आलं असतं का?

बऱ्याच स्त्रियांच्या बाबतीत याचं उत्तर ओटीपोटातल्या जुन्या जंतुसंसर्गात सापडतं. वैद्यकात त्याला पेल्विक इन्फ्लमेटरी डिसीज, थोडक्यात पीआयडी म्हणतात. दवाखान्यात 'पिशवीला सूज आहे' एवढंच सांगितलं जातं. या आजाराबद्दल गेल्या दीडशे वर्षांत जमलेली माहिती एकत्र ठेवली की एक गोष्ट लख्ख दिसते. स्त्रीला मूल न होण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे कारण बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगं आहे. मात्र टाळण्यासाठी हाताशी असलेले दिवस थोडे असतात, आणि आपल्याकडे नेमके तेच दिवस वाया जातात.

नळीत काय घडतं

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना साधारण दहा सेंटिमीटर लांबीची एकेक गर्भनलिका असते. गर्भाशयाजवळ तिची आतली वाट जेमतेम मिलिमीटरभर रुंद असते. बीजकोशाकडे ती रुंदावत जाते आणि टोकाला तिला झालर असते. बीजकोशातून सुटलेलं बीज ही झालर अलगद टिपून घेते. नळीच्या रुंद भागात शुक्रजंतू आणि बीज एकत्र येतात. तयार झालेला गर्भ चार-पाच दिवसांनी गर्भाशयात पोचतो. त्याला स्वतःहून हलता येत नाही. नळीच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात, ते वाऱ्यावर डोलणाऱ्या ज्वारीच्या शेतासारखे एका दिशेने लवत राहतात आणि गर्भाला पुढे सरकवतात. म्हणजे नळी नुसती मोकळी असून भागत नाही. तिचं अस्तर जिवंत असावं लागतं, झालर मोकळी असावी लागते आणि नळीला आजूबाजूला हलता यावं लागतं.

संसर्ग या तिन्हींवर घाला घालतो. एरवी गर्भाशयाच्या मुखाशी असलेला चिकट स्राव जंतूंना वर चढू देत नाही. पाळीच्या दिवसांत हा अडसर सैल होतो. बाळंतपण, गर्भपात किंवा पिशवी धुण्याच्या वेळीही मुख उघडलेलं असतं. जंतू आधी गर्भाशयाच्या अस्तरात आणि तिथून नळीत शिरतात. नळी सुजते, आत पू होतो. झालरीची टोकं एकमेकांना चिकटली की तोंड बंद होतं आणि पुढे त्या बंद नळीत पाणी साठतं. या स्थितीला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात. नळीबाहेर आलेल्या पुवामुळे नळी, बीजकोश, आतडी आणि गर्भाशय यांच्यात चिकट पडदे तयार होतात. नळी एका जागी जखडली जाते आणि बीज सुटलं तरी झालर त्याच्यापर्यंत पोचत नाही. कधी संसर्ग पोटात वरपर्यंत जाऊन यकृताच्या आवरणाला लागतो. उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणून पित्ताशयाची तपासणी होते आणि मूळ आजार खाली तसाच राहतो.

सगळ्यांत फसवी अवस्था अर्धवट बिघाडाची. नळी बंद नसते, पण आतल्या केसांचे पट्टेच्या पट्टे गेलेले असतात. शुक्रजंतू बीजापर्यंत पोचतात, गर्भ तयार होतो, आणि गर्भाशयाकडे न सरकता नळीतच अडकतो. नळीतला गर्भ वाढला की नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. अशा वेळी स्त्रीचा जीव काही तासांत जाऊ शकतो. म्हणून मूल न होणं हा या आजाराचा एकच परिणाम मानणं चूक आहे. नळीतली गर्भधारणा आणि वर्षानुवर्षं न सुटणारी ओटीपोटाची दुखणी हीसुद्धा त्याच नुकसानीची रूपं आहेत.

जंतू कोणते, येतात कुठून

लैंगिक संबंधातून पसरणारे दोन जंतू या आजारात प्रमुख आहेत: परम्याचा गोनोकॉकस आणि क्लॅमिडिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभर क्लॅमिडियाचे सुमारे १२.९ कोटी आणि परम्याचे सुमारे ८.२ कोटी नवे संसर्ग झाले. परम्यातून होणारा पीआयडी बहुधा गाजावाजा करत येतो. ताप, पू, तीव्र वेदना असतात आणि माणूस दवाखाना गाठतो. क्लॅमिडियाची रीत वेगळी आहे. तो पेशीच्या आत शिरून तिथे वाढतो. संसर्ग झालेल्या बहुतांश स्त्रियांना काहीच जाणवत नाही. उपचार न झाल्यास साधारण १०० पैकी १० ते १५ जणींमध्ये तो वर चढून पीआयडी होतो. त्यात जंतूपेक्षा शरीराचा स्वतःचा प्रतिकारच नळीला जास्त महागात पडतो. सूज रेंगाळते, जखम भरताना व्रण उरतो, आणि पुन्हा संसर्ग झाला की आधीपेक्षा जोरात प्रतिक्रिया येते.

पण पीआयडीचा प्रत्येक रुग्ण या दोन जंतूंचा नसतो. आजच्या पाहण्यांत निम्म्याहून कमी स्त्रियांमध्ये परमा किंवा क्लॅमिडिया सापडतो. बाकीच्यांत योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा समतोल बिघडून वाढलेले ऑक्सिजनविना जगणारे जंतू, मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम, क्वचित आतड्यातले किंवा श्वसनमार्गातले जंतूही असतात. अस्वच्छ हातांनी झालेलं बाळंतपण आणि अप्रशिक्षित माणसाकडून लपूनछपून केलेला गर्भपात या आपल्याकडच्या जुन्या वाटा आहेत. १९७१ च्या कायद्याने गर्भपात सुरक्षित आणि कायदेशीर करण्याची सोय केली. तरी लाज, माहितीचा अभाव आणि केंद्रांचं अंतर यांमुळे अनेक बायका आजही चुकीच्या दारात जातात. तांबीचं नावही या संदर्भात घेतलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीवरून १९९२ मध्ये झालेल्या मोठ्या विश्लेषणात असं दिसलं, की तांबी बसवल्यानंतरच्या पहिल्या २० दिवसांत संसर्गाचा धोका वाढतो आणि नंतर तो पुष्कळ खाली येतो. म्हणजे दोष तांबीपेक्षा आधीच असलेल्या संसर्गाकडे दुर्लक्ष करून ती बसवण्यात आहे.

हे तपशील घरच्यांनाही माहीत असायला हवेत. 'पिशवीला सूज' ऐकल्यावर बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखवणारी माणसं असतात. त्यांच्यासाठी एवढंच पुरेसं आहे की आजार झाला म्हणून तो कुठून आला हे सांगता येत नाही, आणि तो शरीरसंबंधातून आला असला तरी आपल्याकडे कित्येक विवाहितांच्या बाबतीत तो नवऱ्याकडून आलेला असतो.

ही गोष्ट वैद्यकाला पचायलाही वेळ लागला. न्यूयॉर्कमध्ये काम करणारे जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ एमिल नोगेराथ यांनी १८७२ मध्ये लिहिलं, की पुरुषाचा परमा वरवर बरा झालेला दिसला तरी आत दबून राहतो, लग्नानंतर बायकोला लागतो आणि तिच्या आजारपणाला व वंध्यत्वाला कारण ठरतो. त्यांच्या समकालीनांनी हे मानलं नाही. सात वर्षांनी, १८७९ मध्ये आल्बर्ट नाइसर यांनी परम्याचा जंतू शोधला आणि नोगेराथ यांच्या म्हणण्याला आधार मिळाला. तोवर कित्येक बायकांच्या माथी वांझपणाचा शिक्का बसून गेला होता.

लुंडमधले आकडे

संसर्गानंतर नक्की किती जणींचं मातृत्व धोक्यात येतं, याचं सगळ्यांत भक्कम उत्तर स्वीडनमधल्या लुंड शहरातून आलं. तिथल्या रुग्णालयात लार्स वेस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० पासून १९८४ पर्यंत ओटीपोटाच्या दुखण्याने आलेल्या स्त्रियांची दुर्बिणीतून तपासणी केली. नळी सुजल्याची डोळ्यांनी खात्री झालेल्या १,८०० हून अधिक स्त्रियांचा पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सोबतीला दुर्बिणीत नळ्या निरोगी दिसलेल्या स्त्रियांचा गटही ठेवला.

निष्कर्ष असे निघाले. आजार एकदा झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८ टक्के स्त्रियांना नळ्यांच्या बिघाडामुळे मूल झालं नाही. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण जवळजवळ २० टक्के आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के होतं. दर खेपेला धोका साधारण दुप्पट. आजार एकदाच झाला तरी तो किती तीव्र होता यावरही बरंच अवलंबून होतं. सौम्य सूज असलेल्यांत शंभरात एकीपेक्षाही कमी, तर तीव्र सूज असलेल्यांत शंभरात २१ जणी वंध्यत्वाला सामोऱ्या गेल्या. नंतरची पहिली गर्भधारणा नळीत होण्याचं प्रमाण आजार झालेल्यांत ९ टक्के होतं, तर निरोगी गटात दीड टक्क्याच्या आत.

याच माहितीवरून १९९३ मध्ये सुसान हिलिस आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासली: दुखू लागल्यापासून बाई किती दिवसांनी डॉक्टरकडे आली. तीन दिवसांच्या आत आलेल्यांच्या तुलनेत उशिरा आलेल्या स्त्रियांत वंध्यत्वाचा किंवा नळीतल्या गर्भधारणेचा धोका जवळपास तिप्पट होता. क्लॅमिडिया असलेल्यांत हा फरक सगळ्यांत ठळक होता.

तीन दिवस. आपल्याकडच्या घरात तीन दिवस कसे जातात ते आठवावं. पहिल्या दिवशी ओवा किंवा दुखण्याची गोळी. दुसऱ्या दिवशी 'पाळी येणार असेल'. तिसऱ्या दिवशी शेतावरचं काम, मुलांची शाळा, सासूचं दुखणं. चौथ्या दिवशी बाजाराला जाणाऱ्या कुणाबरोबर जमलं तर दवाखाना. आणि हे सगळं पोटात दुखतंय असं बाईने तोंडाने म्हटलं तर.

गडचिरोलीने काय दाखवलं

ती म्हणत नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातूनच जगापुढे गेला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तोवर विकसनशील देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच समजूत होती. दवाखान्यात येणाऱ्या बायकांची मोजदाद होत असे. घरी बसून सोसणाऱ्यांची कुणी केली नव्हती.

तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. दर बाईमागे सरासरी ३.६ आजार. त्यातले निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे. तक्रार मात्र ५५ टक्के स्त्रियांनीच सांगितली होती, बाकीच्यांनी आपल्याला काही त्रास नाही असं सांगितलं होतं. आणि याआधी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

हे आकडे शेजारी ठेवून पाहिले की आपल्या प्रश्नाचा गाभा हाती येतो. अंगावरून पांढरं जाणं, कंबर धरणं, ओटीपोटात दुखणं, संबंधाच्या वेळी वेदना होणं हे सगळं बायकांच्या जन्माबरोबर आलेलं आहे, ही समजूत आईकडून मुलीकडे जाते. अंगावरून पांढरं जाण्याला आपल्याकडे 'धुपणी' हे नाव आहे, घरगुती उपायही आहेत, पण 'हा संसर्ग असू शकतो' ही माहिती नाही. पांढरं जाणं प्रत्येक वेळी आजार नसतो, हेही खरं. पाळीच्या मध्यावर येणारा पातळ, वास नसलेला स्राव नैसर्गिक असतो. रंग पिवळट किंवा हिरवट झाला, वास येऊ लागला, ओटीपोट दुखू लागलं, ताप आला, पाळी सोडून किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर मात्र वाट पाहायची नसते. हा फरक मुलींना पाळीबद्दल सांगतानाच सांगायला हवा.

क्षयाची वेगळी वाट

भारतातल्या बंद नळ्यांचा आढावा क्षयाशिवाय पुरा होत नाही. फुप्फुसातून रक्तावाटे क्षयाचे जंतू जननमार्गात येतात तेव्हा सर्वाधिक मारा गर्भनलिकांवर होतो. जननमार्गाच्या क्षयाच्या दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांत नळ्या बाधित असतात, बहुधा दोन्ही. गर्भाशयाच्या अस्तरालाही तो लागतो. अस्तर आक्रसलं, गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटल्या तर पाळी कमी होत जाते किंवा थांबते. मग नळ्यांना वळसा घालणारा टेस्ट ट्यूबचा उपायही तोकडा पडतो.

हा क्षय कमालीचा गुपचूप असतो. खोकला नसतो, अनेकदा तापही नसतो. मूल होत नाही हीच पहिली तक्रार असते. निदानासाठी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासतात, सीबीनॅट चाचणी करतात, गरज पडली तर दुर्बिणीतून पोट पाहतात. एखाद्या पीसीआर अहवालात क्षय दिसला एवढ्यावर औषधं सुरू करणं योग्य नाही. बाकीचे पुरावे जुळावे लागतात. निदान पक्कं झालं तर सहा महिन्यांची औषधं सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात. वेळेत सुरुवात झाली तर गर्भधारणेची आशा टिकते. व्रण झालेल्या नळ्या मात्र औषधाने पूर्ववत होत नाहीत. म्हणून घरात क्षयाचा रुग्ण असेल किंवा मुलीला लहानपणी क्षय झाला असेल, तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावं.

हात लावून तपासणं

पीआयडीचं निदान करणारी एकच एक रक्ततपासणी नाही. सोनोग्राफी अनेकदा नॉर्मल येते. ती पू साठलेला किंवा नळी फुगलेली दाखवते, सुरुवातीची सूज दाखवेलच असं नाही. निदानाचा आधार आजही डॉक्टरांचे हात आहेत. बाई टेबलावर पाठीवर निजते, गुडघे वाकवते. डॉक्टर आधी स्पेक्युलमने गर्भाशयमुख पाहतात: तिथे पू आहे का, बोळा लावल्यावर रक्त येतं का. मग हातमोजा घालून दोन बोटं आत आणि दुसरा हात ओटीपोटावर ठेवून गर्भाशयमुख हळूच बाजूला हलवतात, गर्भाशय आणि त्याच्या दोन्ही बाजू चाचपतात. संबंध येत असलेल्या तरुण स्त्रीच्या ओटीपोटात दुखत असेल, दुसरं कारण दिसत नसेल आणि यांपैकी एकाही ठिकाणी दुखलं, तर पीआयडी समजून उपचार सुरू करावेत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आधी लघवीची गर्भचाचणी मात्र करावीच, कारण नळीतली गर्भधारणा अशीच दुखते. आशाताईंकडे त्यासाठी 'निश्चय' किट असतं. अपेंडिक्सचाही विचार करावा लागतो.

अशा निदानात चुका होतात. लुंडच्याच १९६९ च्या अभ्यासात, तपासून पीआयडी वाटलेल्या स्त्रियांपैकी दुर्बिणीत सुमारे ६५ टक्क्यांमध्येच तो सापडला. तरीही जाणकार लवकर उपचाराच्या बाजूने उभे राहतात. नको असताना घेतलेल्या दोन आठवड्यांच्या गोळ्यांचा तोटा मर्यादित आहे, हवा असताना न मिळालेल्या उपचाराचा तोटा आयुष्यभराचा आहे.

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. लागतं ते टेबल, उजेड, स्वच्छ स्पेक्युलम, एक पडदा आणि बाईशी नीट बोलणारं माणूस. प्राथमिक आरोग्य केंद्रात यातली एखादी तरी गोष्ट नसते. स्त्री डॉक्टर नसली तर तपासणी टळते. खासगीतही पुष्कळदा टेबलावर न घेता, तक्रार ऐकूनच गोळ्या लिहिल्या जातात.

पिवळं किट आणि नवरा

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने लैंगिक आजारांसाठी रंगांनुसार औषधांची किटं ठरवली. प्रयोगशाळेची वाट न पाहता लक्षणांवरून उपचार सुरू व्हावेत, हा हेतू. ओटीपोटाच्या दुखण्यासाठी सहा क्रमांकाचं पिवळं किट आहे. त्यात सेफिक्सिमचा एक डोस आणि चौदा दिवस रोज दोनदा घ्यायच्या मेट्रोनिडॅझोल व डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या असतात. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये ती मोफत मिळतात. परम्याचे जंतू अनेक औषधांना दाद देईनासे झाल्याने आता बऱ्याच ठिकाणी सेफ्ट्रियाक्झोनचं इंजेक्शन पसंत करतात.

औषधं घेताना तीन गोष्टी चुकतात. पहिली, चार-पाच दिवसांत बरं वाटतं, मळमळ होते, म्हणून गोळ्या सोडल्या जातात. चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. दुसरी, तीन दिवसांत आराम पडला नाही तरी पुन्हा दाखवायला जात नाहीत. तेव्हा जायलाच हवं. पू साठलेला असेल, उलट्या होत असतील, ताप चढत असेल किंवा बाई गरोदर असेल, तर दाखल करून शिरेतून औषधं द्यावी लागतात. तिसरी आणि सगळ्यांत मोठी, नवऱ्याचा उपचार होत नाही. गेल्या दोन महिन्यांतल्या जोडीदाराला तपासून औषधं देणं हा उपचाराचाच भाग आहे. दोघांचा कोर्स पुरा होईपर्यंत संबंध टाळावा लागतो. 'मला काही होत नाही' हे नवऱ्याचं म्हणणं खरंही असतं, कारण क्लॅमिडिया पुरुषातही मुकाट राहतो. पण तो गोळ्या घेत नाही तेव्हा बायको दुसऱ्या संसर्गाकडे, म्हणजे लुंडच्या आकड्यांतल्या पुढच्या पायरीकडे ढकलली जाते. नवऱ्याला हे सांगण्याचं ओझं बाईवर टाकू नये. ते डॉक्टरांनी आणि समुपदेशकांनी उचलायला हवं.

वेळेवर घेतलेले उपचारही संपूर्ण हमी देत नाहीत. अमेरिकेत ८३१ स्त्रियांवर झालेला 'पीच' हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम आजारात घरी राहून घेतलेले उपचार रुग्णालयातल्या उपचारांइतकेच परिणामकारक ठरले, ही त्यातली दिलासा देणारी बाजू. पण दोन्ही गटांत सुमारे १८ टक्के स्त्रियांना पुढे गर्भधारणेची अडचण आली. आजार नळीत पोचण्याआधीच अडवण्याला म्हणूनच पर्याय नाही.

नळ्या बंद झाल्यावर

नळ्यांची तपासणी पाळी थांबल्यावर, सहसा सातव्या ते दहाव्या दिवसादरम्यान करतात. गर्भाशयमुखातून रंगद्रव्य आत सोडतात आणि एक्स-रे घेतात. निरोगी असतील तर पडद्यावर गर्भाशयाचा पांढरा त्रिकोण उमटतो, दोन्ही कोपऱ्यांतून बारीक रेषा निघतात आणि टोकाशी द्रव पोटात पसरतो. कुठे रेष कोपऱ्यातच थांबते, कुठे टोकाला फुगा दिसतो, क्षयात मणी ओवल्यासारखी तुटक रेष दिसते. कधी नळी तात्पुरती आखडल्यानेही बंद भासते, म्हणून एका अहवालावर निर्णय घेऊ नये. शंका असेल तर दुर्बिणीतून खात्री करतात.

चिकटलेले पडदे सोडवणं, झालर मोकळी करणं या शस्त्रक्रिया थोडा बिघाड असलेल्यांना उपयोगी पडतात. आतलं अस्तर गेलेलं असेल तर नळी उघडूनही फायदा होत नाही, उलट नळीतल्या गर्भधारणेचा धोका वाढतो. अशांसाठी टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग आहे, आणि मुळात तो याच दुखण्यासाठी निघाला. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जन्मली, तिची आई लेस्ली हिच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. भारतात ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून याच मार्गाने हर्षा चावडा जन्माला आली. नळीत पाणी साठलेलं असेल तर ते गर्भाशयात झिरपून यशाची शक्यता निम्म्यावर आणतं. म्हणून आधी ती नळी काढणं किंवा बांधणं श्रेयस्कर ठरतं.

हे तंत्र अनेकांना सुखाचा दिवस दाखवतं, पण एका फेरीला लाखाच्या पुढे खर्च येतो आणि प्रत्येक फेरी यशस्वी होत नाही. कर्ज काढून, जमीन विकून फेऱ्या करणारी जोडपी आहेत. चौदा दिवसांच्या गोळ्या त्यातल्या बाईला वेळेत तिच्या गावात मोफत मिळायला हव्या होत्या, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानातही नसतं.

आधी शोधता येईल का

लक्षणं नसलेला क्लॅमिडिया शोधून काढला तर? सिअॅटलमध्ये झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धोका जास्त असलेल्या तरुण स्त्रियांना तपासणीसाठी बोलावल्यावर वर्षभरात पीआयडीचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. लंडनमधल्या विद्यार्थिनींवरच्या २०१० च्या अभ्यासात मात्र फायदा एवढा ठाम दिसला नाही. वर्षभरात झालेल्या बऱ्याच पीआयडी सुरुवातीला संसर्ग नसलेल्या मुलींत झाल्या होत्या. दोन्हींवरून निघतं ते हे, की एकदा तपासून भागत नाही, नव्याने होणारा संसर्गही अडवावा लागतो. त्यासाठी कंडोम लागतात. गर्भपात आणि तांबीच्या आधी तपासणी लागते. मुलामुलींना न लाजता माहिती मिळेल अशी ठिकाणं लागतात. महाराष्ट्रातली किशोरवयीनांसाठीची 'मैत्री' क्लिनिकं या कामाची आहेत, ती नुसती पाटीपुरती उरू नयेत.

दुखण्याची दखल

आणि जिला आता मूल नको आहे तिचं काय? बीड जिल्ह्यात ऊसतोडणी कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं उघड झाल्यावर राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांच्या तक्रारींत अंगावरून पांढरं जाणं आणि ओटीपोट दुखणं वारंवार येत होतं. गोळ्यांनी बऱ्या होऊ शकणाऱ्या दुखण्यावर अवयव काढण्याचा उपाय झाला. मुलं झालेल्या बाईची पिशवी कुणालाच मोलाची वाटली नाही. मूल नसलेल्या बाईचं पोट मात्र घरादाराच्या चर्चेचा विषय होतं. तिची ओटी भरायची की नाही, हे इतर ठरवतात. दोघींच्याही बाबतीत दुखणाऱ्या बाईपेक्षा तिच्या कुशीचा हिशेब मोठा ठरतो.

पीआयडीमुळे येणारं वंध्यत्व कमी करण्यासाठी लागणारं ज्ञान आपल्याकडे आहे, औषधं आहेत आणि ती स्वस्त आहेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पडद्याआडचं टेबल आणि तपासणारे हात असणं, तिथलं पिवळं किट कधी न संपणं, नवऱ्याला उपचारात ओढून आणणं आणि बाईला दुखू लागल्यापासून तीन दिवसांत दवाखान्यात पोचता येणं, एवढं साधलं तरी पुष्कळ नळ्या वाचतील. पण त्याची सुरुवात घरातल्या एका सवयीपासून होते. पोटात दुखतंय असं मुलीने, सुनेने किंवा बायकोने सांगितलं की त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे न्यावं. तिला पुढे मूल व्हावं म्हणून तर न्यावंच. पण तिला मूल हवं असो वा नसो, झालेलं असो वा नसो, तिला दुखतंय एवढं कारण त्यासाठी पुरेसं आहे.